उघाडीवरची बाई

"नाक काढ. डोले काढ. कान काढलंस तरी चालंल. पन तोंड काढू नको, चंद्रे. बाईनं पानी बघायचं, बोलायचं न्हाय."

सासूचा हा आवाज चंद्राबाईच्या कानात अजून तसाच होता, मीठ चढलेल्या दोरखंडासारखा खरखरीत. सखुबाई जाऊन बरीच वर्षं झाली. पण पाऊस सरून बांधावरचा चिखल घट्ट व्हायला लागला, की ती सुनेच्या शेजारी येऊन उकिडवी बसायची आणि सांगायला सुरुवात करायची. चंद्राबाई आता स्वतः सासू झाली होती, गुडघे कुरकुरायला लागले होते, तरी त्या आवाजापुढे तिचे हात नव्या सुनेसारखे सावरून बसत.

घराचं मिठागर खाडीला लागून होतं. खाडी आणि आगर यांच्यामधे बांध, आणि बांधात उघाडी, म्हणजे दगडी चौकटीत बसवलेलं फळ्यांचं दार. फळ्या उचलल्या की भरतीचं पाणी आत, खाली टाकल्या की बंद. कार्तिकी पुनवेला उधाणाचं पहिलं पाणी आत घ्यायचं आणि मिठाचा हंगाम धरायचा. त्या दिवशी घरातल्या थोरल्या बाईनं बांधाच्या चिखलाची वीतभर बाई घडवून उघाडीच्या दगडावर बसवायची, हा या घरचा रिवाज. तिला देवी म्हणायचं नाही. नुसतं बाई. दुपारी उधाण चढायचं, पाणी दगडावर यायचं, आणि बाई बसल्या बसल्या पाण्यात मिसळून जायची. तिला आगरात घेतल्याशिवाय मीठ धरत नाही, असं सखुबाई सांगायची.

सखुबाईचा दुसरा नियम आणखी कडक. हातानं घडवलेली माती घरात वस्तीला ठेवायची नाही, दिवस मावळायच्या आत पाण्यात सोडायची. चंद्राबाईनं तो इतका पाळला होता, की श्रावणात रोज मातीचं शिवलिंग करून पूजा झाली की विहिरीवर जाऊन विसर्जन करूनच ती तोंडात घास घाली.

आणि तिसरी गोष्ट नियम नव्हती, वचन होतं. शेवटच्या आजारात सखुबाईनं तिचा हात धरून म्हटलं होतं, "एक साल पन खाडा करू नको. मीठ पिको नाय तर न पिको. बाई बसली पायजे."

"बसेल, आई," चंद्राबाई म्हणाली होती.

आगर बंद पडलं. घरातले पुरुष ट्रकच्या धंद्यात गेले, चंद्राबाईचा नवरा देवाघरी गेला, मुलगा विनेश काकाच्या हाताखाली डंपरच्या फेऱ्या सांभाळू लागला. मीठ पिकवायच्या कुंड्यांमधे खाजणी गवत उभं राहिलं. बाई मात्र दर कार्तिकाला बसत राहिली.

यंदा गौरी-गणपती पाण्यात गेले आणि दोनच दिवसांनी धाकटा दीर धर्मा जेवायला बसला असताना म्हणाला, "वयनी, आगर इकलं."

चंद्राबाई वाढत होती. पळी तशीच हातात राहिली.

"दिवाली झाली का भराव चालू," धर्मा कोलंबीच्या कालवणात भाकरी बुडवत म्हणाला. "डंपर आपलेच. बाहेरच्याला कशाला द्यायचं काम?"

"आणि उघाडी?"

"ती पन भरावात. सगला सपाट. कंटेनर ठेवनार हायत तिथं."

"मग बाई?"

धर्माला इतकं हसू आलं की त्याला ठसका लागला. सून दिपाली पाण्याचा तांब्या घेऊन आली. "वयनी, मीठ न्हाय, आगर न्हाय, पानी न्हाय. बाई काय कंटेनर मोजत बसनार हाय? यंदा बसव शेवटची. पुढल्या साली वॉचमन तुला गेटातून आत सोडनार न्हाय."

चंद्राबाईनं पळी कालवणात परत ठेवली. तिचा आवाज त्या घरात कधी चढलाच नव्हता. चातुर्मासात एकभुक्त, सोमवारचा उपास, तुळशीला पाणी घातल्याशिवाय स्वतः पाणी प्यायचं नाही, रोज पोथीचा एक अध्याय, असं तिचं आयुष्य नेमानेमांनी विणलेलं. पाहणाऱ्याला वाटे, किती गरीब बाई. घरच्यांना मात्र ठाऊक होतं, की तिनं हळूच "नेम आहे" म्हटलं, की त्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीपाशी उभ्या उभ्या तिनं दिपालीला विचारलं, "अशी माती असते का गं, जी पाण्यात जात नाही?"

"सगळी मडकी तशीच असतात की, आई."

"मडकी नको. मला बाई करायचीय. पुढच्या साली जाता येणार नाही, तर यंदा बसेल ती उठणार नाही अशी बसवायची."

दिपालीनं सासूकडे नीट पाहिलं. मग पदराला हात पुसून मोबाइल काढला.

*

थळला, खताच्या कारखान्याच्या चिमण्या जिथून नारळांच्या वर दिसतात तिथे, जाळी ठेवायच्या जुन्या गोडाऊनमधे जुनेरानं आपली कार्यशाळा थाटली होती. मूळची म्हसळ्याची. वडील कुवेतला. ही बडोद्याला मातीकाम शिकून आली होती. डोक्याला ओढणी, कोपरापर्यंत माती, आणि बोलणं असं भरभर की पहिल्या दिवशी चंद्राबाईला अर्धंच समजलं. चाक नव्हतंच तिथे. सगळं हातानं. शिकायला अलिबागच्या दोघी-तिघी होत्या. नऊवारीतली एकटी चंद्राबाई.

"हा गोळा हातात घ्या, काकू. मधोमध अंगठा घाला. आता फिरवायचं आणि चिमटीत दाबत यायचं. सगळीकडे सारखं. घाई नाही."

चंद्राबाईनं वाटी केली. एका अंगाला जाड, एका अंगाला पातळ, काठ लाटेसारखा. पण उभी राहिली. जुनेरानं शाबासकी दिली आणि दुसरीकडे वळली. उन्हं कलली. सगळ्यांनी आपापल्या वाट्या फळीवर वाळत ठेवल्या.

"काकू, तुमची कुठाय?"

"सोडली."

"सोडली म्हणजे?"

चंद्राबाईनं हात धुवायच्या बादलीकडे बोट दाखवलं. तळाशी वाटीचा नुसता गढूळ ढीग उरला होता.

"या अल्लाह! का पण?"

"दिवस कलला ना."

जुनेरा आधी हसत सुटली. हसता हसता स्टुलावर बसली. पण चंद्राबाई हसत नाही म्हटल्यावर गप्प होऊन तिनं विचारलं, आणि चंद्राबाईनं सगळं सांगितलं. उघाडी, बाई, वचन, कंटेनर.

"मग तुम्ही चुकीच्या ठिकाणी आलात, काकू," जुनेरा म्हणाली. "इथली माती भाजण्यासाठी असते. एकदा भाजली की ती परत चिखल होत नाही. पाण्यात ठेवा, जमिनीत पुरा, हजारो वर्षं. लोक खणतात तेव्हा दुसरं काही नाही सापडलं तरी खापरं सापडतात."

"भरावाखाली पण?"

"भरावाखाली तर आणखी सुरक्षित."

"मग मी बरोबर ठिकाणी आले," चंद्राबाई म्हणाली.

डोक्यानं ठरवलं, हात ऐकेनात. पुढच्या वेळी दुसरी वाटी फळीवर ठेवताना तिचा हात दोनदा बादलीकडे वळला. ठेवून घरी आली खरी, पण ताट वाढून घेतलं नाही. परक्या गोडाऊनमधे तिच्या हातची माती वस्तीला राहिली होती. त्या दोषाचं प्रायश्चित्त म्हणून दुसरा दिवस तिनं निव्वळ पाण्यावर काढला. आणि वाटी तिथेच राहू दिली.

त्या भाजलेल्या वाटीला पुढे बोटानं टिचकी मारली तेव्हा ती टणकन वाजली. चंद्राबाईनं ती बादलीत टाकली आणि वर्ग संपेपर्यंत तिच्याकडे डोळे लावून बसली. वाटी होती तशीच राहिली. तेवढं पाहून ती उठली.

*

मग बाईला हात घातला. सवयीप्रमाणे भरीव गोळा घेतला, मांडी घातली, खांदे काढले, नाक चिमटीत धरलं. जुनेरानं हातात घेऊन वजन पाहिलं.

"आतून भरीव आहे. ही फुटणार. ओलावा आत अडकला की भट्टीत बॉम्बसारखा आवाज होतो, आणि शेजारचंही सगळं जातं. हिला मधून कापू, आतली माती कोरून काढू, परत जोडू. सगळे तसंच करतात." तिनं माती कापायची तार पुढे केली.

चंद्राबाईनं तारेकडे पाहिलं, बाईच्या पोटाकडे पाहिलं. "कापायचं नाही."

"काकू, दुखत नाही तिला."

"तुला काय माहीत? दुसरी रीत सांग."

दुसरी रीत लांबची होती. मातीच्या बोटभर जाड वळकट्या करायच्या, एकीवर एक रचत पोकळ अंग उभं करायचं. जोडायच्या जागी दोन्हीकडे ओरखडे, मधे पातळ चिखल, मग आतून बाहेरून बोटानं एकजीव करायचं. ऐकायला सोपं. पहिली बाई कमरेपर्यंत चढली आणि ताडी प्यालेल्या माणसासारखी एका अंगाला बसली. खालचा भाग कडक होऊ न देता चंद्राबाई वर चढत गेली होती. दुसरी उभी राहिली, पण आतून जोडायची राहून गेली, आणि वाळताना वळकट्या हातातल्या बांगड्यांसारख्या एकेक सुटून आल्या.

"वय झालं माझं," चंद्राबाई पुटपुटली.

"माझी पहिली सुरई बघायला हवी होती," जुनेरा म्हणाली. "अम्मी म्हणाली, ही कुठल्या बाजूनं उभी राहते?"

चेहऱ्याचा विषय निघाला तेव्हा जुनेरानं स्वतःचंही सांगितलं. म्हसळ्याला मामूंनी बजावलं होतं, भांडी कर, फुलदाण्या कर, माणसांचे चेहरे करायचे नाहीत.

"मग?"

"मग मी पहिला चेहरा त्यांचाच केला. नाकासकट." ती हसली, पण लगेच मान खाली घालून माती मळायला लागली. "दोन ईदा झाल्या, मामू आमच्याकडे आले नाहीत."

जाताना चंद्राबाई आपल्या डब्यातले उपासाचे राजगिऱ्याचे लाडू टेबलावर ठेवून गेली.

तिसऱ्या खेपेला हात बसला. पण तोवर चंद्राबाईच्या मनात दुसराच किडा शिरला होता. कार्यशाळेतली माती प्लास्टिकच्या गोणीतून यायची, गुजरातेतून. उघाडीवर बसायची बाई, आणि माती परमुलखाची? ते काही मनाला पटेना. एका सकाळी ती आगराच्या बांधावर गेली, रुमालात चिखल बांधून आणला आणि कुणाला न सांगता गोणीतल्या मातीत मळला. त्याची एक लहानशी पणती करून इतरांच्या वस्तूंबरोबर भट्टीत जायला ठेवली. आपली माती चालते का ते आधी बघावं, एवढाच हेतू.

भट्टी उघडली त्या दिवशी जुनेराचा चेहरा तिनं पहिल्यांदा तसा पाहिला. पणतीवर पांढरं खरजेसारखं चढलं होतं. ती खालच्या फळीला चिकटून बसली होती. शेजारच्या बशीवरही डाग उमटले होते.

"काय मिसळलंत यात?"

"आमची माती."

"कुठली आमची?"

"आगराची."

जुनेरानं कपाळाला हात लावला. "काकू, मिठागराची माती! मीठ तापलं की त्याची वाफ होते. विजेच्या भट्टीतल्या तारा खाते ती. या एका भट्टीवर माझं सगळं चालतं, माहितीय ना?"

अलिबागच्या बायका बघत होत्या. चंद्राबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आयुष्यभर मिठात राबलेली बाई ती, आणि मातीत मीठ असतं हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिच्या लेखी ती माती होती आणि बस्स.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं. फळी मी घासून देते. लागेल तितके दिवस घासते."

जुनेरा थोडी निवळली. "बरं. आता चांगली माती घ्या आणि—"

"माती तीच राहील."

"काय?"

"बाई आगराचीच व्हायला हवी. तुझ्या भट्टीत नको घालूस, बरोबर आहे तुझं. माझ्या खळ्यात खड्डा काढून भाजू. आमच्याकडे पेंढा आहे, गोवऱ्या आहेत, भाताचा तूस आहे. मला फक्त रीत सांग."

हे सगळं ती नेहमीच्याच आवाजात बोलली, देवापुढे बोलते तशा. जुनेरा कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिली.

"खड्ड्यातली भट्टी लहरी असते, काकू. तडकेल. काळी होईल. अर्ध्या वस्तू जातात."

"एकच आहे माझी. अर्धी कशी जाईल?"

जुनेरानं सुस्कारा सोडला आणि फडताळातून फुटक्या मडक्यांच्या चुऱ्याचा डबा काढला. "हा मिसळा तुमच्या त्या खाऱ्या चिखलात. आगीत तग धरायला बळ येतं."

*

फळी घासून झाली. दिवाळी आली, गेली. आगराच्या रस्त्याकडच्या बाजूला मुरमाचे ढीग पडायला लागले. घरामागच्या पडवीत बाई वळकटीवर वळकटी चढत होती. मांडी, कंबर, छाती, खांदे. दिपाली येता-जाता ओल्या फडक्यावर पाणी शिंपडून जाई.

भाऊबीजेनंतर चार दिवसांनी फक्त डोकं मिटायचं राहिलं. जुनेरा बघायला आली होती. कुशीतल्या बाळाला बघावं तशी तिनं बाई फिरवून फिरवून पाहिली.

"सुंदर. फक्त कुठेतरी भोक ठेवा. आतली हवा, वाफ जायला वाट हवी. पाठीत ठेवा, दिसणार नाही."

चंद्राबाईनं काडी उचलली. पाठीशी नेली. पाठीत खुपसायचं? जमेना. खाली बैठकीत? तिथे तर दगडाला टेकून बंद होणार, आणि तशीही बाईच्या त्या जागी काडी घालायची तिला लाज वाटली. डोळे? डोळ्यांतून वाफ जाणारी बाई पाणी कशी बघेल? तिनं काडी खाली ठेवली. नाक होतं, डोळे होते, कान होते. नाकाखाली गुळगुळीत कोरी जागा होती. सखुबाईनं तिच्या आधीच्या बाईकडून घेतलेली, आणि त्या बाईनं आणखी कुणाकडून.

पन तोंड काढू नको, चंद्रे.

"आई," चंद्राबाई हळूच म्हणाली, "तुमची सगळी पाण्यात जायची, त्यांना बोलायला वेळच नव्हता. ही राहणार आहे." आणि तिनं करंगळी नाकाखाली टेकवून आत दाबली. आरपार.

जुनेराला वाटलं, आपल्याशीच बोलल्या. "हो, तोंडात पण चालेल," ती म्हणाली. "उलट चांगलं दिसतं. ओरडतेय असं वाटतं."

"ओरडत नाही," चंद्राबाई काठ बोटानं सारखा करत म्हणाली. "ओरडायची काय गरज?"

तुळशीचं लग्न लागलं, तोवर बाई सावलीत वाळली, आणि पुनवेच्या दोन दिवस आधी खळ्यात खड्डा खणला. तळाला तूस, त्यावर गोवऱ्या, मधे बाई, भोवती खापरांचा आडोसा, वरून पेंढा आणि बारीक लाकडं. जुनेरानं वाऱ्याचा अंदाज घेऊन काडी लावली. पेंढा भडकला, धूर उठला, आणि धुराच्या मागोमाग धर्मा आला.

"हे काय? खल्यात सरन रचलंस काय, वयनी?"

"बाई भाजतेय, भावजी."

"बाई भाजतंय!" धर्मा कुंपणाबाहेर जमलेल्या दोघा-चौघांकडे वळला. "ऐका! आमच्या घरान्यात आता कुंभारीन निघाली. आनि ही कोन?"

"जुनेरा. मला शिकवते."

"म्हंजे आपली बाई, आनि भाजायला म्हसल्याची पोरगी! आयेनं काय सांगितलं होतं? माती वस्तीला ठेवायची न्हाय. आयेचा शब्द मोडतंस?"

जुनेरा दोन पावलं मागे सरकली. चंद्राबाईनं तिच्या मनगटाला धरून तिला होती तिथेच उभं केलं.

"आईंचे दोन शब्द मोडले," ती म्हणाली. "तिसरा पाळायला. आगर विकताना तुम्ही आईंचा कुठला पाळलात, भावजी?"

कुंपणाबाहेर कुणीतरी खाकरलं. धर्माच्या मानेची शीर उभी राहिली. पन्नाशीच्या पुढच्या त्याच्या आयुष्यात वहिनीनं त्याला कधी उलट प्रश्न केला नव्हता, आणि प्रश्नही असा, ताटात मीठ वाढल्यासारखा, हळूच.

"मी इकलं म्हनून घर चाललंय. तुझ्या विनेशचा पगार कुठनं येतो?"

"घर चालवताय, मान्य आहे. बाई मी बसवतेय."

"बसव की! कुठं बसवतंस ते बघतो मी. कालच गेट लागलंय. वॉचमन माझा. पुनवेला तुला काय, चिमनीला पन आत सोडनार न्हाय. उगा माती भाजत बसलीस."

"गेट रस्त्याच्या अंगाला आहे ना?"

"मग कुठं असनार?"

"बरं," चंद्राबाई म्हणाली, आणि वाकून विझत चाललेल्या कडेला दोन गोवऱ्या सरकवल्या.

धूर धर्माच्या डोळ्यांत जात होता. मग कुणाचा तरी फोन आल्यासारखा खिसा चाचपत निघून गेला.

जुनेरानं ओढणीनं कपाळ पुसलं. "काकू, मला घाम फुटला."

"मला पण," चंद्राबाई म्हणाली. "वाऱ्याकडे बघ, पोरी. डावीकडून जास्त पेटतंय."

*

राख थंड व्हायला दुसरा दिवस उजाडला. चंद्राबाईनं नेमाचा अध्याय संपवला आणि खड्ड्यापाशी बसून हातानंच राख बाजूला केली. दिपाली मागे उभी होती, पदराचं टोक दातांत धरून.

आधी खांदा निघाला. भाजक्या विटेसारखा तांबूस, त्यावर मिठाचे पांढरे ठिपके. मग डोकं, एका अंगानं काळंभोर. मांडीवरून बैठकीपर्यंत केसासारखा तडा गेला होता. नाकाचं टोक उडालं होतं. तोंड मात्र जसं काढलं होतं तसं उघडं.

"तडकली," दिपाली हळहळली.

"बसेल," चंद्राबाई म्हणाली.

न्हाणीतल्या बादलीत पाणी भरून तिनं बाईला आत ठेवलं. तोंडातून बुडबुडे आले, मोठमोठे, सावकाश. दिपाली त्या आवाजानं मागे सरकली. संध्याकाळ झाली, दिवस मावळला. जुन्या हिशेबानं आतापर्यंत तळाशी गाळ उरायला हवा होता. चंद्राबाईनं हात घालून पाहिला. मांडी, कंबर, खांदे. सगळं जागच्या जागी.

पुनवेच्या सकाळी खाडी पार खाली गेली होती. उधाण दुपारचं, तोवर बांधाच्या खाडीकडच्या अंगानं चिखलातून चालत उघाडीपर्यंत जाता येतं, हे गावातल्या प्रत्येक चिंबोऱ्या-खेकडे धरणाऱ्याला ठाऊक. रस्त्यावरच्या गेटाशी वॉचमन खुर्ची टाकून बसला होता. त्याची पाठ खाडीकडे होती.

चंद्राबाईनं अंघोळ केली, कपाळाला कुंकवाच्या जागी बुक्का लावला, बाईला स्वच्छ पंच्यात गुंडाळून टोपलीत ठेवलं, शेजारी हळद-कुंकू आणि दोन झेंडू. कासोटा वर खोचला. दिपाली खाडीच्या धक्क्यापर्यंत आली.

"मी येऊ का, आई?"

"तू घरी जा. माझी तुळस राहिलीय, तिला पाणी घाल." चंद्राबाई क्षणभर थांबली. "आणि विनेश उठला तर सांग, बाई बसवून आल्याशिवाय मी पाणी पिणार नाही. नेम आहे."

दिपालीनं मान हलवली.

पलीकडे मुरमाचा आजचा पहिला डंपर मागे घेताना पीं-पीं करत होता. उघाडीचे दगड अजून उघडे होते, ओले, शेवाळलेले. चंद्राबाईनं टोपली कमरेवर घेतली, वहाणा धक्क्यावर काढून ठेवल्या आणि पहिलं पाऊल चिखलात टाकलं. चिखल घोट्यापर्यंत आला. तिनं ते उपसलं आणि दुसरं टाकलं.